धुरपीची टेकणी

मोरदांडाच्या घाटात जुन्या पायवाटेनं वर चढू लागलं, की तिसऱ्या वळणावर उजव्या हाताला दगडांचा एक ओटा लागतो. त्याला धुरपीची टेकणी म्हणतात. ओटा म्हटलं खरं, पण त्याच्यावर बसता येत नाही, बसायच्या मानानं तो फार उंच आहे. बेताच्या उंचीची बाई त्याला चिकटून उभी राहिली तर ओट्याची कड तिच्या कपाळाशी येते. पाहुणे येतात ते विचारतात, इतका उंच कशाला बांधला, देवासाठी का दिव्यासाठी? देवासाठी नाही आणि दिव्यासाठीही नाही. टेकणीच्या पुढ्यात कातळात दोन खळगे आहेत, पावलाएवढे, शेजारी शेजारी. पावसाळा सरला तरी दिवाळीपर्यंत त्यांत पाणी असतं. ते पाणी कुणी ओलांडत नाही, बाजूनं जातात.

घाटाच्या दोन रीती आहेत. पहिली अशी, की वाटेनं जाणाऱ्यानं डोक्यावर, खांद्यावर, हातात जे काही असेल ते टेकणीवर ठेवायचं, सावकाश दहा श्वास घ्यायचे आणि मग उचलायचं. मोकळ्या हातानं जाणारासुद्धा निदान टोपी काढून ठेवतो. दुसरी रीत पाहुण्यांना जरा टोचते. या घाटात ओझं घेऊन चढणाऱ्याला 'शाबास' म्हणायचं नाही. कुणी चुकून म्हटलंच, तर गावची म्हातारी माणसं तोंड फिरवतात. चांगल्या शब्दाचा एवढा राग का, त्याची गोष्ट अशी सांगतात.

फार मागं घाटात गाडी येत नव्हती. खाली करंबळीच्या खाडीवर मीठ पिकायचं, वर पठारावरच्या पेठेत ते विकायचं, आणि मधे हा घाट. पुरुष आगरात मीठ ओढायचे, बायका ते डोक्यावरून वर न्यायच्या. बायकांच्या जोडीला वंजाऱ्यांचे बैल असत. आगर देशमुखांचं, वाट देशमुखांची, वरच्या पेठेतलं जकातीचं नाकंही त्यांचंच. त्या देशमुखांचं नाव आमच्या गावात कुणी घेत नाही, म्हणून इथंही घेतलेलं नाही.

बायकांमध्ये एक धुरपी होती. अंगानं काटकुळी, दंड म्हणजे वाळका बांबू. तिच्याकडं पाहून कुणी म्हणालं नसतं की ही पाण्याची घागरसुद्धा धड आणील. पण अंगाचं असंच असतं, ते बघून कळत नाही. मिठाची गोणी धुरपीच्या वजनाहून थोडीच हलकी असायची. ती डोक्यावर चढली की बाई वेगळीच व्हायची. मान खांबासारखी सरळ, कंबर मात्र वेलीसारखी हलती. नजर समोर. वाट बघायचं काम पावलांचं. अंगठ्यानं दगड चाचपायचा, पक्का असेल तर पाय टाकायचा, हलता असेल तर पुढचा. हे सगळं एका श्वासात. पावसानं शेवाळलेल्या कातळावरनं ती अशी जायची म्हणे, की गोणीवर कावळा बसला तर त्याला उडावंसं वाटू नये.

ओझं वाहणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते, न वाहणाऱ्याला ती सांगावी लागते. वाहण्यापेक्षा उचलणं अवघड. जमिनीवर ठेवलेली गोणी एकट्या बाईला पुन्हा डोक्यावर घेता येत नाही, उचलून द्यायला कुणीतरी लागतं. आणि लादलेली बाई दुसरीला काय हात देणार? म्हणून बायका तिसऱ्या वळणापर्यंत दम धरायच्या. तिथं थोडी सपाटी होती आणि सटवा वंजारी आपले बैल तिथं विसाव्याला थांबवायचा. त्याचे गडी गोण्या उतरवून घ्यायचे, पुन्हा उचलून द्यायचे. सटव्याचा एक कवड्या नावाचा बैल होता, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला. तो तर तिसऱ्या वळणावर आला की बसायचाच. सटवा त्याला कधी उठवत नसे. शेजारी बसून चिलीम भरायचा आणि म्हणायचा, "तो उठेल तवा उठेल. त्याचं त्याला कळतं. आपल्याला काय कळतंय त्याच्या पाठीतलं?"

धुरपी मात्र टेकायची नाही. बाकीच्या टेकायच्या आणि ही त्यांच्या शेजारनं वर निघून जायची. हे खरं आहे आणि ते लपवून गोष्ट सांगू नये. तिला त्याचा तोरा होता. गरिबाच्या बाईजवळ मिरवायला दुसरं असतंच काय?

एकदा देशमुख घोड्यावरून घाट उतरत होते. घोडा फेसाळलेला, आणि समोरून ही गोणी घेऊन चढतेय, कपाळावर घामाचा थेंब नाही. देशमुखांनी घोडा थांबवला.

"कुठं टेकलीस गं?"

"कुठंच नाही जी."

"पायथ्यापासनं अशीच?"

"पायथ्यापासनं माथ्यापातूर. एकदाच चढवायची, एकदाच उतरवायची."

देशमुख खूश झाले. शाबास म्हणाले. संध्याकाळी गड्याकरवी तिच्या घरी हिरव्या खणाची चोळी पाठवली. धुरपीनं ती दुसऱ्याच दिवशी अंगात घातली आणि घाट चढली.

आठ दिवसांत हुकूम निघाला. घाटात कुणी ओझं जमिनीला टेकवायचं नाही. मीठ ओल धरतं, गोण्या फाटतात, वेळ जातो, अशी कारणं दिली होती. खरं कारण शेवटच्या ओळीत होतं. धुरपीला जमतं ते इतरांना का जमू नये? जी टेकेल तिचं काम बंद. तिसऱ्या वळणावर एक शिपाई उभा केला. वंजाऱ्यांना ताकीद दिली, की बैल बसले तर बसू देत, बायकांच्या गोण्यांना हात लावाल तर तांडा घाटाबाहेर.

आता बघा. एका बाईचं अंग देवानं चिवट घडवलं, त्यात बाकीच्यांचा काय गुन्हा? आणि तिचा तरी काय? पण तिच्या बळाचं त्यांनी माप केलं आणि त्या मापानं साऱ्या गावाच्या माना मोजल्या. बैल बसला तर तो थकला म्हणायचं. बाई बसली तर ती आळशी.

बायका धुरपीशी बोलेनाशा झाल्या. सगळ्यांत थोरली मथी होती, तोंडाची तिखट. ती पाणवठ्यावर म्हणाली, "घाल गं बाई चोळी. शोभती तुला. आमच्या मानांवर शिवलीय ती."

धुरपीनं तेव्हा घागर उचलली आणि ती घरी निघून गेली.

तिची धाकटी जाऊ साळू. पोरीला सातवा महिना लागला होता. घरी बसली असती तर काम गेलं असतं, म्हणून ती येत होती. असंच एके दिवशी धुरपी पुढं, साळू चार बायका सोडून मागं. तिसऱ्या वळणाशी साळूच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. सटव्याला ते दिसलं. तो चिलीम ठेवून उठला, तसा शिपाई आडवा आला.

"टेकू नको गं," शिपाई साळूला म्हणाला. "तुझी जाऊ टेकते का?"

साळू टेकली नाही. आणखी दोन वळणं चढली.

धुरपीला मागं गोणी पडल्याचा आवाज आला. आणि मग दुसरा, गोणीपेक्षा हलका. डोक्यावर ओझं असलं की मागं वळून बघता येत नाही. मान वळली की गेलंच सगळं. उतरवायला कुणी नाही. टाकून द्यावी तर खालून बायका चढतायत, गोणी त्यांच्यावर जायची. म्हणून जिच्या बळाचं एवढं कौतुक, ती धुरपी मागं न बघता वर गेली. पेठेत गोणी उतरवली आणि अख्खा घाट धावत खाली आली. तोवर साळूचं मूल गेलं होतं. साळू वाचली, पण तिच्या मानेत जी कळ भरली ती भरलीच. पुढं कधी तिला वर आभाळाकडं बघता आलं नाही.

साळू घरी निजून होती. तिनं धुरपीला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, तू एकदा जरी टेकली असतीस ना गं."

धुरपीनं चोळी अंगातून काढली. ती तिनं जाळली नाही का फेकली नाही. फाडून, पिळून, तिची चुंबळ केली, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायला. आणि ती वाट बघत राहिली. चिवट अंगाला वाट बघता येते.

वाट फार बघावी लागली नाही. देशमुखांकडं वरच्या मुलखातले एक सरदार पाहुणे आले. त्यांना आपल्या घोडीचा गर्व. देशमुख म्हणाले, घोडी राहू द्या, आमच्याकडची एक बाई बघा. ठरलं, की सकाळी घोडी आणि धुरपी बरोबर निघायचं. घोडीवर सरदार, धुरपीवर मीठ. बघायला पाचपन्नास माणसं जमली. मागं रोजच्या बायका आपापल्या गोण्या पायथ्याशी ठेवून उभ्या, कारण मजा असो नसो, मीठ नंतर वर जायचंच होतं.

धुरपी म्हणाली, "जाते जी. पण आज गोणीला हात तुम्ही लावायचा."

लोक हसले. देशमुखही हसले. पाहुण्यांसमोर मोठेपणाच होता तो. एका बाजूनं गडी, एका बाजूनं देशमुख, अशी गोणी चढली. मिठागरावरच्या माणसांत एक रीत होती आणि देशमुखांना ती माहीत नसायचं कारण नव्हतं. वाटेत अडचण आली तर ज्यानं ओझं चढवून दिलं त्यालाच हाक मारायची, आणि त्यानं यायचं. म्हणूनच कुणी कुणाला उगाच हात देत नसे.

देशमुख, बघे, मागून बायका, सगळेच वर निघाले. घोडी दोन वळणं झपाट्यानं चढली. दोन पायांनी चढणं आणि चार पायांनी चढणं यात फरक असतो. घोडी उडी घेते, उडीत दम जातो. तिसऱ्या वळणावर तिच्या नाकपुड्या लाल झाल्या, पाय घसरायला लागले, सरदार खाली उतरले. कवड्या बैल तिथं नेहमीसारखा बसून रवंथ करत होता. मागून धुरपी आली, त्याच पावलानं. लोक ओरडले. आता ती पुढं जाणार, तोच ती कवड्याच्या शेजारी कातळावर थांबली.

"चल की," देशमुख म्हणाले.

"नाही जी."

"टेकायचंय?"

"टेकायचं कसं? तुमचा हुकूम हाय."

"मग चढ."

"चढायचं बी नाही. ही गोणी तुम्ही चढवली. आता तुम्ही उतरवा. आणि उतरवताना समद्यांना ऐकू जाईल असं सांगा, की घाटात माणसाला टेकायला लागतं."

देशमुखांचा चेहरा पडला. पायथ्याशी हात लावला तो गंमत म्हणून. इथं लावायचा म्हणजे हार. त्यांनी सावली बघितली, गालिचा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "राहा उभी. बघू किती वेळ राहतेस."

आणि मग जे झालं ते सांगताना आजही गावात माणसांचा आवाज चढतो. त्या लोकांनी फराळ काढला. धुरपी उन्हात उभी, डोक्यावर मीठ, आणि ते खाताना आपसांत पैजा लावतायत, की दुपारपर्यंत टिकेल, नाही टिकणार. मधेच कुणी कौतुकानं म्हणतोय, शाबास. काय बाई आहे. यांची अंगंच वेगळी. आपल्याला जमायचं नाही हे. म्हणजे तिची मान मोडत होती आणि हे तिच्या मानेची वाहवा करत होते. वाहवा केली की हात लावावा लागत नाही.

ओझं घेऊन चालणं सोपं असतं, उभं राहणं कठीण. चालताना भार या पायावरून त्या पायावर जातो. उभं राहिलं की तो आपली जागा शोधत खाली खाली उतरतो, मानेतून पाठीत, पाठीतून गुडघ्यात. धुरपी टाचेवरनं चवड्यावर आणि चवड्यावरनं टाचेवर डुलत राहिली, झाडासारखी. श्वास मोजत राहिली. डोळे उघडे. घोडीचा घाम वाळला, ती गवत खायला लागली. कवड्या आपणहून उठला, पण वाटेला लागला नाही. धुरपीच्या उन्हाच्या बाजूला जाऊन उभा राहिला, की त्याची सावली तिच्या अंगावर पडावी, असं सांगतात. सटव्यानं त्याला हाकललं नाही.

तेवढ्यात खालून साळू आली. तिला आता ओझ्याचं काम नव्हतं. तिच्या कमरेवर एक दगड होता, मूल घ्यावं तसा घेतलेला. मान वर होत नव्हती, म्हणून कुणाकडं बघायचा प्रश्नच नव्हता. तिनं दगड धुरपीच्या शेजारी ठेवला.

"हे काय?" शिपाई म्हणाला.

"दगड हाय."

"कशाला?"

"दगडाला बंदी हाय का?"

बंदी नव्हती. साळू वळली आणि दुसरा आणायला गेली. तिसऱ्या खेपेला सटवा उठला. त्याला गोण्यांना हात लावायची बंदी होती, दगडांना नव्हती. मग त्याचे गडी उठले. मागं उभ्या असलेल्या बायकांना शिपाई पुढं येऊ देत नव्हता, पण त्या जिथं उभ्या होत्या तिथले दगड पायानं पुढं सारायला लागल्या. दगडांची रास हळूहळू गुडघ्याएवढी झाली. दुपार कलली तेव्हा कमरेएवढी. पैजा थांबल्या. सरदार एकटे उठले आणि त्यांनीही एक दगड आणून ठेवला, असं काही जण सांगतात. काही जण म्हणतात, ते मागाहून जोडलेलं आहे.

उन्हं डोंगराआड जायला आली तेव्हा रास धुरपीच्या कपाळाशी आली. सटव्यानं वरचा चपटा दगड नीट बसवला. धुरपीनं गुडघे थोडे, अगदी थोडे वाकवले, मान तिरकी केली आणि गोणी सरकून दगडावर बसली.

शिपाई पुढं आला. मथी मागून ओरडली, "जमिनीला कुठं लागलीय रं? बघ की वाकून. हुकूम पाळलाय तिनं."

दिवसभरात पहिल्यांदा बायका हसल्या.

देशमुख उठले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून, किंवा तोंडाला सवय होती म्हणून, ते म्हणाले, "शाबास."

धुरपीनं डोक्यावरची चुंबळ काढली. हिरव्या खणाची ती चोळी देशमुखांनी ओळखली. तिनं ती त्यांच्या पायांशी ठेवली.

"एक शाबास घेतली, ती माझ्या जावेच्या पोरानं फेडली," ती म्हणाली. "आता पुन्हा म्हणू नका. म्हणायचंच असलं तर टेक म्हणा."

ती बाजूला झाली तेव्हा कातळात तिची दोन पावलं उमटलेली होती, असं म्हणतात.

हुकूम देशमुखांनी मागं घेतला नाही. तेवढं मोठं मन कुठून आणणार? पण तो पुन्हा कुणी उच्चारलाही नाही. दुसऱ्या दिवशी एकेक बाई आली, गुडघे वाकवून गोणी दगडावर सरकवली, दहा श्वास घेतले, पुन्हा गोणीखाली मान घातली आणि चालू लागली. कुणाचा हात लागला नाही. शिपाई बघत राहिला. त्या बायकांत त्याची आईही होती.

पलीकडच्या खोऱ्यात ही गोष्ट वेगळी सांगतात. तिकडं म्हणतात, धुरपी उभ्या उभ्या दगड झाली, तीच ही टेकणी. तिला हळदकुंकू वाहा, नवस बोला. आमच्या गावाला हे मान्य नाही आणि त्याचा रागही येतो. बाई दगड झाली म्हटलं की झालं. मग तिला दुखलं नव्हतं, तिला भूक नव्हती, तिच्यासाठी कुणी दगड वाहिला नव्हता. देवी म्हणा, चमत्कार म्हणा, म्हणजे तिच्या डोक्यावरचं उतरवायला नको. ती दगड झाली नाही. ती घरी गेली, साळूनं तिच्या मानेला तेल चोळलं, आणि चार दिवसांनी ती पुन्हा मीठ घेऊन घाटात आली, कारण घरात चूल होती. पुढं कितीतरी वर्षं ती ओझी वाहत होती. फक्त दरवेळी ती टेकायची. अंगात दम असला तरी टेकायची. मागच्यांनी बघावं म्हणून.

आणि दरवर्षी एक, अशा तिनं आणि साळूनं घाटात आणखी सात टेकण्या बांधल्या. धुरपी कातळाला पाठ लावून उभी राहायची, साळू हातानं चाचपून तिच्या कपाळाशी कोळशानं रेघ मारायची, तेवढी उंची. चार टेकण्या नव्या रस्त्यात गेल्या. तीन उरल्या आहेत. तिन्ही मोजून बघा, बोटभर फरक नाही.

मीठ आता ट्रकनं जातं. वंजाऱ्यांचे बैल गेले. पण वरच्या वाड्यांतल्या बायका अजून जळणाचे भारे घेऊन याच वाटेनं उतरतात चढतात, आणि खालून येणारे पाहुणे त्यांना बघून थक्क होतात, फोटो काढतात. पाहुण्यांनी थक्क व्हावं, त्याला ना नाही. माणसाचं अंग आहेच थक्क व्हावं असं. पण आजही तिसऱ्या वळणावर भारा घेऊन कुणी आली, की तिथं बसलेला माणूस शाबास म्हणत नाही. तो आधी उठतो, टेकणीवरची आपली पिशवी बाजूला घेतो, जागा करतो आणि म्हणतो, "टेक गं बाई."